एसपीएफ ५० ची ट्यूब, चौदा महिने आणि एक वजनकाटा

या सनस्क्रीनला पाचपैकी चार तारे. एक कापला तो कॉलरींवरच्या डागांसाठी, त्याबद्दल पुढे सांगते.

चेहऱ्यावर चमक येते का, मेकअपखाली कशी बसते, हे शोधत इथे आला असाल तर माझा काही उपयोग नाही. माझी किडनी बदलून अकरा वर्षं झाली. (ताईची आहे. ताईपेक्षा कमी बोलते आणि काम चोख करते.) शरीराने ती नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. त्यातल्या अ‍ॅझाथायोप्रिन नावाच्या गोळीचा अंश पेशींच्या डीएनएमध्ये जाऊन बसतो आणि उन्हातले यूव्हीए किरण (अतिनील किरणांचा एक प्रकार) शोषायला लागतो. एरवी डीएनए या किरणांना फारसा दाद देत नाही. त्यात बिघडलेल्या पेशी हुडकणारे पहारेकरीही गोळ्यांनी पेंगुळलेले. त्यामुळे अवयव बदललेल्या लोकांत त्वचेचा कर्करोग इतरांपेक्षा कितीतरी पटीने जास्त आढळतो. सावळ्या त्वचेला धोका कमी असतो, कारण मेलॅनिन हे रंगद्रव्य पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखं पसरून बसतं. कमी म्हणजे शून्य नव्हे, पण मी त्या भरवशावर नऊ-साडेनऊ वर्षं साधी टोपीही घातली नाही.

मग डाव्या कानाच्या वरच्या कडेला एक खरखरीत ठिपका आला. दिसायचा कमी, कंगव्याला अडकायचा जास्त. खरवडला की जायचा आणि पंधरा दिवसांत पुन्हा हजर. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी बोट फिरवलं आणि नाव सांगितलं, अ‍ॅक्टिनिक केराटोसिस. हा कर्करोग नव्हे, पण त्या जिन्याची एक पायरी. बहुतेक ठिपके तिथेच थांबतात, काही आपणहून जातात, थोडे पुढे चढतात. कोणता चढणार हे आधी कळत नाही. त्यांनी द्रवरूप नायट्रोजनने तो गोठवला (चांगलंच झोंबतं) आणि ही ट्यूब लिहून दिली.

मी म्हटलं, "डॉक्टर, पन्नास वर्षांचं ऊन अंगात मुरलंय. आता क्रीम लावायचं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला."

"बैल गोठ्यातच आहे," त्या म्हणाल्या. "फक्त दावं कुरतडतोय."

मग त्यांनी कागदावर आकृती काढून जे समजावलं, त्यामुळेच मी ही ट्यूब चौदा महिने सोडलेली नाही. यूव्हीबी हे उन्हातले दुसऱ्या प्रकारचे अतिनील किरण डीएनएवर पडले की शेजारशेजारची दोन अक्षरं, थायमिन (‘टी’) किंवा सायटोसिन (‘सी’), एकमेकांना चिकटतात. पेशी तो तुकडा कापून नवा बसवते, हे काम सतत चालूच असतं. एखादी जोडी राहून गेली आणि तेवढ्यात पेशी दुभंगली, तर नक्कल चुकते आणि ‘सी’च्या जागी ‘टी’ येतं. कधी लागोपाठ दोन ‘सी’ची दोन ‘टी’ होतात. ही खूण उन्हाचीच, सही केल्यासारखी.

आता ही चूक पी५३ नावाच्या जनुकात झाली तर? नुकसान दुरुस्तीपलीकडे गेलं की पेशीने स्वतःला संपवायचं, हा हुकूम देणाऱ्यांत पी५३ मुख्य. भाजून साल निघते तेव्हा अशाच पेशी मेलेल्या असतात. पण जिचं पी५३च बिघडलंय ती मरत नाही. १९९४ मध्ये डग्लस ब्रॅश हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरच बोट ठेवलं: ऊन लागतं, आजूबाजूच्या प्रामाणिक पेशी मरतात, जागा रिकामी होते आणि बिघडलेली पेशी तिथे हातपाय पसरते. थोडक्यात ऊन तणाचं बी पेरतं आणि भोवतालचं पीक उपटून त्याला जागाही करून देतं. उंदरांवरच्या प्रयोगांत किरण बंद केल्यावर बिघडलेल्या पेशींचे असे पुंजके आक्रसत गेलेले दिसले.

हे पुंजके कुणा दुर्दैवी माणसाच्याच अंगावर असतात असंही नाही. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी पापणीच्या शस्त्रक्रियेत काढलेली, दिसायला अगदी निरोगी अशी चार जणांची त्वचा तपासली. तिच्यातल्या १८ ते ३२ टक्के पेशींत कर्करोगाकडे ढकलणारे बदल सापडले. मी हे वाचलं त्या रात्री आरशासमोर बराच वेळ पापण्या ताणून बघत होते. दिसत काहीच नाही अर्थात.

तर ट्यूब. ५० ग्रॅम, एसपीएफ ५०, पीए++++. एसपीएफ फक्त लाली येण्यापासूनचं, म्हणजे मुख्यतः यूव्हीबीपासूनचं संरक्षण सांगतो. यूव्हीएसाठी ‘पीए’पुढची ती अधिकची चार चिन्हं. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत ९५ टक्क्यांच्या आसपास यूव्हीएच असतात आणि गाडीच्या बाजूच्या साध्या काचेतूनही ते बऱ्यापैकी आत येतात. माझ्या गोळीमुळे मी ट्यूब हातात घेतली की आधी अधिकची चिन्हं मोजते, आकडा नंतर बघते.

पहिली ट्यूब मला दोन महिने पुरली. काटकसरीचं स्वतःच कौतुक केलं. मग कळलं की एसपीएफची चाचणी दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन करतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर बशी ठेवून मी नेहमी घेते तेवढं क्रीम मोजलं: ०.५ ग्रॅम. चेहरा, कान आणि मान यांना साधारण २ ग्रॅम लागायला हवं होतं. म्हणजे ‘५०’ हा आकडा ट्यूबवर होता, माझ्या कानावर नव्हता. आता सकाळी एकदा आणि बाहेर पडायच्या आधी एकदा, असे रोजचे ४ ग्रॅम. ट्यूब बारा दिवसांत संपते. कंपनीने पंपाची मोठी बाटली काढायला हवी होती, एवढी छोटी ट्यूब विकणं म्हणजे कमी लावायला शिकवणंच आहे.

मोजूनमापून लावण्याचा हा आग्रह फुकटचा नाही. २००९ मध्ये जर्मनीतून आलेल्या एका अभ्यासात अवयव बदललेले १२० जण होते. त्यातल्या निम्म्यांनी २४ महिने रोज भरपूर सनस्क्रीन लावलं. त्या साठांत खोलवर शिरलेला स्क्वॅमस पेशींचा (त्वचेच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा) कर्करोग एकालाही झाला नाही, उरलेल्या साठांत अशा ८ गाठी निघाल्या. त्याआधी १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचे निकाल आले होते. चाळिशीपुढच्या लोकांनी एक उन्हाळा एसपीएफ १७ चं क्रीम लावलं, आणि माझ्या कानावर होते तसले ठिपके त्यांच्या अंगावर सरासरीने कमी झाले. नुसतं साधं क्रीम लावणाऱ्यांचे वाढले. यातलं ‘कमी झाले’ हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं, कारण मीही उशिराच सुरुवात केली होती.

आता तक्रारी. घामाबरोबर डोळ्यात उतरलं की दहा मिनिटं काही सुचत नाही. त्यामुळे पापण्यांसाठी मी गॉगलच वापरते. पहिली पाच मिनिटं चेहरा राखेत लोळल्यासारखा दिसतो, मग निवळतो. झाकण ट्यूब संपायच्या आधीच तडकतं, आजवरच्या प्रत्येक ट्यूबचं. दर दोन तासांनी पुन्हा लावा म्हणतात, ते मला बाहेर असताना निम्म्या वेळाच जमतं. म्हणून रुंद काठाची टोपी आणि लांब बाह्या आहेतच. कापडाला पुन्हा लावायची भानगड नसते.

आणि ते डाग. यातला अ‍ॅव्होबेंझोन हा यूव्हीए अडवणारा घटक धुण्याच्या पाण्यातल्या लोहाशी जुळून पांढऱ्या कपड्यांवर गंजासारखा पिवळट-तांबूस डाग पाडतो. ब्लीच घातलं तर आणखी गडद होतो. मी घातलं. चार पांढरे शर्ट गेले. ट्यूबवर याबद्दल एक ओळ छापायला काय हरकत होती?

कानाची दर तीन महिन्यांनी तपासणी होते. परवाच्या तपासणीत जुन्या जागी काही नव्हतं. नाकाच्या शेंड्याजवळ एक शंकास्पद खरखर होती, ती डॉक्टरांनी पुढच्या वेळेपर्यंत तशीच ठेवायला सांगितली आहे. नवीन सहा ट्यूब मागवल्या. डागाळलेले शर्ट घरात घालायला म्हणून ताईला दिले, तर म्हणते, "मी तुला किडनी दिली, आणि तू मला हे देतेस?"