फेनवे पार्कबाहेर सही केलेला चेंडू घेताय? पैसे देण्याआधी हे वाचा

बॉस्टनच्या मराठी घरांत उन्हाळ्यात आई-वडील राहायला आले की फेनवे पार्कवरची एक मॅच ठरलेलीच असते. 1912 पासून चालू असलेलं हे मेजर लीगमधलं, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल लीगमधलं, सगळ्यात जुनं मैदान. डाव्या बाजूची ती 37 फुटी हिरवी भिंत, तिच्यावरचा हाताने पाट्या बदलायचा धावफलक, अरुंद लाकडी खुर्च्या. क्रिकेटवर पोसलेल्या माणसालाही ही जागा आपलीशी वाटते. म्हणूनच मॅचनंतरच्या गर्दीत पाहुण्यांना हेरून फसवणाऱ्यांबद्दल लिहिणं मला गरजेचं वाटतं. माझ्या वडिलांना तिथे बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाकडून खेळलेल्या डेव्हिड ऑर्टिझच्या खोट्या सहीचा चेंडू दीडशे डॉलरला विकला गेला.

चेंडू खऱ्या मॅचमधला आहे ही थाप सहज पटते, त्याला कारण आहे. क्रिकेटमध्ये चेंडू प्रेक्षकांत गेला की परत टाकावा लागतो. इथे प्रेक्षकाच्या हाती लागलेला चेंडू त्याचाच होतो. 1921 साली न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर चेंडू परत न दिल्याबद्दल रूबेन बर्मन नावाच्या प्रेक्षकाला बाहेर काढलं होतं. तो कोर्टात गेला आणि जिंकला. एका मॅचमध्ये चेंडूही शंभराच्या आसपास लागतात. त्यामुळे मॅचमधला चेंडू कुणाकडे असणं यात नवल काहीच नाही. बाबा सांगलीला क्लबकडून लेदर बॉलवर बरीच वर्षं खेळलेले. चेंडू घरी नेता येतो हे ऐकूनच ते हरखले होते.

मॅच संपवून आम्ही केनमोर स्टेशनकडे निघालो होतो. फुटपाथवर घडीचं टेबल मांडून एक माणूस उभा होता. अंगात संघाची जर्सी, गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी. चेंडू प्लॅस्टिकच्या पारदर्शक डबीत, डबीवर चमचमणारा होलोग्राम, सोबत सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र. त्याने गोष्टही तयार ठेवली होती. चेंडू 2013 च्या हंगामातला, भावाने झेललेला, ऑर्टिझने मॅचनंतर सही केलेला. त्या वर्षी एप्रिलमध्ये मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले होते आणि ऑक्टोबरमध्ये रेड सॉक्सने वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली. तिचा सर्वोत्तम खेळाडू ऑर्टिझच. या शहरात ते साल नुसतं उच्चारलं तरी लोक हळवे होतात, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं. कार्डाचं मशीन बंद आहे, झेलने (Zelle, फोनवरून थेट बँक खात्यात पैसे पाठवायची सेवा) पाठवा, म्हणाला. पैसे पोचल्याशिवाय डबी उघडू देईना. सही पुसली जाते म्हणे.

घरी येऊन बाबांनी चेंडू हातात घेतला, दोनदा फिरवला आणि म्हणाले, "अरे, हा खेळातला नाही. कोरा लेदर बॉल असाच बुळबुळीत असतो." त्यांना बेसबॉलचा नियम एक माहीत नव्हता, पण निदान अचूक होतं. मेजर लीगमध्ये प्रत्येक चेंडू मॅचआधी डेलावेअर नदीच्या परिसरातला एक खास चिखल लावून चोळतात, म्हणजे त्याची चकाकी जाते आणि बोटांना पकड मिळते. खेळातला चेंडू पांढराशुभ्र राहूच शकत नाही. आमचा दुधासारखा पांढरा होता.

मग मी चेंडूवरचा छापील मजकूर वाचला. लीगच्या चेंडूवर कमिशनरची, म्हणजे लीगच्या प्रमुखाची, सही छापलेली असते. यावर नाव होतं रॉब मॅनफ्रेड यांचं. ते कमिशनर झाले जानेवारी 2015 मध्ये. 2013 मध्ये त्या पदावर बड सेलिग होते आणि तेव्हाच्या चेंडूंवर त्यांचं नाव असे. एवढी एक गोष्ट पाहिली तरी गोष्टीतलं साल खोटं ठरत होतं. प्रमाणपत्रावर तपासणीसाठी वेबसाइटचा पत्ता होता. तिथे आमचा नंबर टाकला, 'अस्सल' असं उत्तर आलं. मी सांगलीचा पिनकोड 416416 टाकला, तोही अस्सल निघाला. लीगच्या स्वतःच्या वेबसाइटवर मात्र आमच्या होलोग्रामच्या नंबरची नोंदच नव्हती.

हा धंदा जुना आहे. एफबीआयने 1990 च्या दशकात 'ऑपरेशन बुलपेन' नावाने खोट्या सह्यांच्या टोळीचा माग काढला आणि 1999 मध्ये छापे घातले. जप्त मालात चक्क मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉल सापडले. त्याच काळात सॅन दिएगोच्या संघाचा खेळाडू टोनी ग्विनला आपल्याच संघाच्या दुकानात आपली खोटी सही असलेले चेंडू दिसले होते. यानंतर, 2001 मध्ये, लीगने खात्रीची स्वतःची व्यवस्था सुरू केली. प्रत्येक मॅचला तपासनीस हजर असतो, पोलीस खात्यात काम केलेला किंवा करत असलेला. जे त्याच्या डोळ्यांदेखत घडलं त्याच वस्तूवर तो होलोग्राम लावतो. स्टिकर काढायला गेलं तर फाटतो. नंबर लीगच्या नोंदीत जातो आणि तो कुणालाही फोनवर पाहता येतो.

म्हणून नंबर विकणाऱ्याच्या समोर, पैसे देण्याआधी तपासा, आणि त्याने दिलेल्या पत्त्यावर तर मुळीच नको. स्टिकर डबीवर किंवा कागदावर असेल तर त्याला काही अर्थ नाही, तो चेंडूवरच हवा. डबी उघडू देत नसेल तर तिथून निघा. खात्रीचा चेंडू हवा असेल तर तो संघाच्या अधिकृत दुकानात मिळतो.

पैशांचं सांगते. बँकेने हात वर केले, कारण पैसे आम्ही स्वतः पाठवले होते. क्रेडिट कार्ड असतं तर व्यवहारावर हरकत घेता आली असती. 'मशीन बंद आहे' या वाक्यामागे हेच असतं. मी फेडरल ट्रेड कमिशनकडे (ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारी केंद्र सरकारची संस्था) आणि मॅसॅच्युसेट्सच्या अॅटर्नी जनरलच्या कार्यालयात फोटोंसह तक्रार केली आहे. पैसे परत येतील असं वाटत नाही, पण तक्रारी साठल्या तरच अशा माणसांचा माग लागतो. तुम्हीही फसला असाल तर लाजून गप्प बसू नका. परदेशातून आलेली वयस्कर माणसं पोलिसांकडे जाणार नाहीत, या भरवशावरच ही टेबलं मांडली जातात. बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत, त्याचा राग मला दीडशे डॉलरपेक्षा जास्त आहे.

आणखी एक, जे मला नंतर एका संग्राहकाने सांगितलं. होलोग्राम खरा आणि सही खोटी, असंही होतं. मॅचमधला अस्सल चेंडू स्वस्तात घ्यायचा आणि त्यावर घरी बसून सही ठोकायची. तेव्हा नंबर सापडला म्हणून थांबू नका, नोंद पूर्ण वाचा. तिथे फक्त 'मॅचमध्ये वापरलेला चेंडू' असं असेल आणि सहीचा उल्लेख नसेल, तर ती सही लीगच्या तपासनिसाने पाहिलेली नाही. तिचे वेगळे पैसे देऊ नका.