लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला लॅपटॉप, सेटअप दुकानातच
घरच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० होतं, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून मुलीला नवीन घ्यायला मुंबईत ग्रँट रोडला उतरून कॉम्प्युटर बाजाराचा लॅमिंग्टन रोड गाठला. दुकान अगदी छोटं, पण सेटअप करणाऱ्या मुलाने मनापासून काम केलं. बॉक्स आमच्यासमोर फोडला, सिरियल नंबर बिलाशी जुळवला, मग वायफाय जोडून आधी सगळे अपडेट लावले, दोनदा रिस्टार्ट, तासभर गेला, पण म्हणाला ताई हे आत्ताच उरकून घ्या, साउंड, वायफाय वगैरे चालवणारे ड्रायव्हर प्रोग्राम पण यातूनच येतात.

सगळ्यात आवडलं ते बिटलॉकरचं. हे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डेटाला लावलेलं कुलूपच, नव्या मशीनवर बऱ्याचदा आपोआप चालू असतं आणि आपल्याला पत्ताच नसतो, पुढे मदरबोर्ड वगैरे बदलला तर लॅपटॉप हे कुलूप उघडायला ४८ आकडी रिकव्हरी की मागतो, ती नसेल तर डेटा गेलाच समजा. त्याने मुलीच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये की सेव्ह झालीय ते उघडून दाखवलं, वर वहीत लिहून घ्यायला लावली. आमच्या बिल्डिंगमधल्या एकांचे सगळे फोटो असेच गेलेत हो, म्हणून मला याचं फार मोल वाटलं.

ट्रायलवाला अँटिव्हायरस काढला, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर असतोच. मराठी फोनेटिक कीबोर्ड मात्र मी सांगितल्यावर टाकला, मुंबईतल्या दुकानाने हे स्वतःहून विचारायला हवं. विंडोज बिघडलं तर परत टाकायला लागणारा रिकव्हरी पेनड्राइव्ह पण करून दिला नाही, तो घरी ३२ जीबीच्यावर आम्हीच बनवला.

सेटअपचे वेगळे पैसे नाहीत. रविवारी जाऊ नका, तिथली बहुतेक दुकानं बंद असतात.