पॉइंट टू टू रायफलची जादा बॅरल घेताय? आमच्या पोरीच्या बाबतीत काय झालं ते आधी वाचा

मंडळी, हे जरा मोठं होणार आहे, पण ज्यांची मुलं ५० मीटर रायफल मारतात त्यांनी पूर्ण वाचा, आणि सेकंडहँड बॅरलसाठी कुणाला ॲडव्हान्स द्यायच्या बेतात असाल तर आजचा दिवस थांबा. आम्ही मुलीच्या रायफलसाठी जादा बॅरल, म्हणजे नळी, घेतली. इंटरचेंजेबल (काढून दुसरी बसवता येणारी) म्हणून, टेस्टेड म्हणून, जवळजवळ नवी म्हणून दिली, आणि यातलं एकही खरं निघालं नाही. सव्वा लाख ॲडव्हान्स गेला, त्यातले थोडे परत आले, बाकीचे अडकलेत. पैसे मिळवता येतील हो, पण पोरीचा अख्खा सीझन गेला आणि तिचा स्वतःवरचा भरवसा गेला, त्याचा राग जास्त आहे.

आम्ही कोल्हापूरकडचे. इथं रायफल काय चीज आहे ते सांगायला नको. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला प्रोनमध्ये (पालथं झोपून मारायच्या प्रकारात) वर्ल्ड चॅम्पियन झाली, आणि १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ मारलं, ४५१.४ चा स्कोअर आमच्याकडं पोरांना तोंडपाठ आहे. त्यानंतर रेंजवर नवी मुलं वाढली, आईबाप कर्ज काढून साहित्य घ्यायला लागले, आणि त्यांच्यामागं असली माणसंही आली जी स्वतः मारत नाहीत, शिकवत नाहीत, फक्त "साहित्य मिळवून देतो" म्हणतात.

मुलगी बावीसची, लायसन्स तिच्या नावावर, रायफल रीतसर घेतलेली. तिच्या रायफलची बॅरल क्लॅम्पवर आहे, म्हणजे ॲक्शनचे (बोल्ट ज्यात सरकतो त्या भागाचे) स्क्रू सैल केले की बॅरल बाहेर येते, आणि दुसरी घालून स्क्रू ठरलेल्या टॉर्कवर आवळले की ती बसते. जुन्या बॅरलचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवर गोळ्यांच्या भोकांचा पसारा, हळूहळू मोठा होत चाललेला. ५० मीटरला दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, गोळी ५.६ ची, म्हणजे बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत साधारण २१ मिलिमीटरच्या आत ग्रुप आला तरच सगळे दहा पडतील, तेही नेमबाजाची काहीच चूक नसेल तर. आणि तिची बॅरलच तेवढी जागा खायला लागली होती. नवी रायफल परवडणारी नव्हती, म्हणून फक्त बॅरल बदलायची असं तिच्या सरांनी सांगितलं, आणि सल्ला बरोबरच होता. क्लॅम्पवाल्या रायफलचा तोच तर फायदा आहे, स्टॉक तोच, ट्रिगर तोच, पोझिशन तीच, फक्त बॅरल नवी.

मग हा गृहस्थ. नाव लिहीत नाही, प्रकरण पोलिसांत आहे. बोलायला एकदम गोड, मुलीला "बाळा" म्हणायचा, मला "दादा". सव्वादोन लाख सांगितले. २०१९ ची बॅरल, एका मोठ्या नेमबाजानं परवान्यावर मागवलेली, पाच हजार राउंडसुद्धा झाले नाहीत म्हणाला. सोबत एक टेस्ट कार्ड, त्यावर दहा गोळ्यांचा ग्रुप, खाली बॅरलचा नंबर आणि टेनेक्स या मॅचच्या गोळ्यांचा लॉट नंबर (लॉट म्हणजे एकाच वेळी बनलेल्या गोळ्या). ग्रुप बघून कुणालाही मोह होईल, १४ मिलिमीटर. आणि नेहमीचं, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, मावळंकर स्पर्धा तोंडावर आलीय, आज ठरवा.

पहिली गोष्ट इथं लिहून ठेवा. तो म्हणाला, दादा बॅरल म्हणजे नुसता पार्ट आहे, पार्टला लायसन्स लागत नाही. हे साफ खोटं आहे. शस्त्र कायदा १९५९ मध्ये फायरआर्मचे पार्टसुद्धा शस्त्रातच धरलेत. लायसन्सवर एंट्री नसलेली बॅरल घरात सापडली तर "मी फक्त नळी घेतलीय" म्हणून सुटका नाही. आम्ही त्याला सांगितलं की कागद झाल्याशिवाय बॅरल घरी येणार नाही, ट्रायल रेंजवर होईल, बॅरल रेंजच्या आर्मरीतच (शस्त्रं ठेवायच्या खोलीत) राहील आणि बाकीची रक्कम एंट्री झाल्यावर. तर त्यानं लगेच बिलाची झेरॉक्स, ट्रान्सफरचं पत्र सगळं आणून दिलं, कागद इतके व्यवस्थित की शंका यायला जागाच नव्हती. एंट्रीसाठी अर्ज दिला, ॲडव्हान्स दिला.

बॅरल बसवली त्याच दिवशी बोल्ट (गोळी आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) जड लागत होता. "नवी आहे, बसेल." मधेच मिसफायर. "फायरिंग पिन जुनी झालीय तुमची." ग्रुप उभा पसरायला लागला, डावंउजवं ठीक पण वर-खाली तीस-पस्तीस मिलिमीटर. त्यावर त्याचं उत्तर ऐका, "पोरीचा श्वास चुकतोय दादा, उभा ग्रुप म्हणजे श्वास, कोणत्याही कोचला विचारा."

आणि ते ऐकायला खरं वाटतं, कारण श्वास चुकला की गोळ्या वर-खाली जातात हे खरंच आहे. इथंच हा माणूस किती पोहोचलेला आहे ते कळतं. पोरगी श्वासावर काम करायला लागली. स्लिंग (हाताला बांधायचा पट्टा) एक भोक घट्ट, मग सैल. खांद्याला टेकते ती बट प्लेट खाली, मग वर. गुडघ्यावर बसून मारताना पायाखाली घ्यायचा रोल बदलला. जी मुलगी प्रोनला बिनधास्त मारायची ती मॅटवर आडवी झाली की आधी घाबरायला लागली. घरात बोलणं कमी झालं. एकदा आईला म्हणाली, माझ्यात ते नाहीच बहुतेक. एका चोरट्या व्यवहारासाठी बावीस वर्षांच्या पोरीला स्वतःबद्दल असं वाटायला लावायचं, याला मी फसवणुकीपेक्षा मोठा गुन्हा मानतो, कायदा काय मानतो ते मानू दे.

सुटका झाली ती लष्करातून आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारा) म्हणून रिटायर झालेल्या एका सुभेदार काकांमुळं. ते सहज रेंजवर आलेले, दोन शॉट बघितले, रिकाम्या केसवरचा (काडतुसाच्या पितळी टोपणावरचा) पिनचा ठसा बघितला आणि म्हणाले, पोरीचं सोडा, बॅरल काढा. टेबलावर कापड टाकून बॅरल ठेवली. काकांनी मोबाईलची टॉर्च वरून न धरता एकदम आडवी धरली, पत्र्यावरचा पोचा बघतात तशी. वरून गुळगुळीत काळी दिसणारी बॅरल आडव्या उजेडात वेगळीच दिसली, चेंबरजवळ (गोळी बसते तिथं) बोटभर जागा, जिथं नंबर आणि खुणा असतात तीच, घासून खोलगट झालेली, वर नवं ब्लुइंग (काळा मुलामा). आणि त्या खोलगट जागेत पुसट दोन अक्षरं, के आणि सी.

हे सगळ्यांनी समजून घ्या, फार कामाचं आहे. जर्मनीत प्रत्येक बॅरल सरकारी प्रूफ हाऊसमधून तपासून येते. उल्म शहरात तपासलेल्या बॅरलवर हरणाच्या शिंगाची खूण असते, सोबत गरुड आणि खाली एन, आणि बरेचदा वर्षाची दोन अक्षरं. ए म्हणजे ०, बी १, सी २ असं करत आय म्हणजे ८, जे वापरत नाहीत, के म्हणजे ९. तर केसी म्हणजे ९२. आमची २०१९ ची "जवळजवळ नवी" बॅरल १९९२ ची होती, पोरीच्या जन्माच्या आधीची!

मग काकांनी मागचं टोक दाखवलं. नखानं चाचपलं तर एक बारीक रेघ लागत होती, केसाएवढी. म्हणजे बॅरलवर वरून स्लीव्ह, म्हणजे बाहेरची दुसरी नळी, चढवलेली. अनशुट्झ या जर्मन कंपनीच्या जुन्या ५४ ॲक्शनमध्ये बॅरल प्रेसनं बसवून आडव्या पिना मारतात, त्या पिनांच्या खाचा बॅरलच्या बुडाला राहतात. त्या खाचा लपवायला आणि क्लॅम्पमध्ये बसेल एवढी जाडी करायला ही स्लीव्ह, कुठल्या तरी लेथवर केलेली. म्हणजे जी बॅरल कधीच इंटरचेंजेबल नव्हती ती इंटरचेंजेबल म्हणून विकली. एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी केस ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) खाचा हातानं कानस मारून केलेल्या. हेडस्पेस, म्हणजे केसच्या बुडासाठी बोल्टपुढं असलेली फट, तर विचारूच नका, पॉइंट टू टूच्या केसची रिम (बुडाची कड) एक मिलिमीटरच्या जरा वर जाड असते आणि सगळा खेळ त्या फटीवर, फट चुकली की पिनचा मार प्रत्येक वेळी वेगळा, दारू पेटणं वेगळं, वेग वेगळा, आणि वेग वेगळा की ५० मीटरवर गोळी वर-खाली. हा होता पोरीचा "श्वास". पुढं मझल, म्हणजे नळीचं पुढचं तोंड. टेप लावली तर सांगितलेल्या लांबीपेक्षा चार सेंटिमीटर कमी. पुढचं झिजलेलं तोंड कापून नवा क्राउन (तोंडाची कड) केलेला. बऱ्याच टार्गेट बॅरलला मझलकडं नळी किंचित आवळत जाते, तोच भाग कापून टाकल्यावर राहिलं काय? काकांनी बोल्ट काढून मागून मऊ शिशाचा पेलेट रॉडनं सावकाश ढकलत नेला आणि रॉड पोरीच्या हातात दिला. मधे सैल, शेवटीही सैल. तिला हाताला कळलं.

तरी खात्री म्हणून पुण्यात एका ठिकाणी बॅरल फिक्स्चरमध्ये घट्ट धरून कार्डवर लिहिलेल्याच टेनेक्सच्या दुसऱ्या लॉटनं मारून बघितली. माणूस नाही, श्वास नाही, स्लिंग नाही. ग्रुप ३८ मिलिमीटर. ती तिथंच रडली, आणि मीही.

त्याला फोन केला तर आधी आवाज गोड, मग एकदम बदलला. "पोलिसात जा की. बॅरलवरचा नंबर खोडलेला आहे म्हणताय ना? मग ती तुमच्याकडं आहे, तुम्हीच आत जाल." हाच त्याच्या धंद्याचा खरा पाया आहे, आणि हे लिहायचं मुख्य कारणही. शस्त्र कायद्याच्या कलम ८ मध्ये खरंच असं आहे की नंबर खोडलेलं हत्यार ज्याच्या ताब्यात, त्यानंच खोडलं असं धरतात, उलटं त्यानं सिद्ध करायचं. लोक हे ऐकून गप्प बसतात, बॅरल विहिरीत टाकतात, पैसे विसरतात. असलं काही करू नका. आम्ही वकिलांना घेऊन लेखी अर्ज दिला, बॅरल पंचनामा करून पोलिसांकडं जमा केली. आर्मरीच्या रजिस्टरला ती कोणत्या दिवशी कोणाकडून आली याची नोंद होती, आमचा लायसन्स शाखेतला एंट्रीचा अर्ज होता, ॲडव्हान्स बँकेतून गेलेला, त्याचे मेसेज होते. एवढ्यावर आमच्यावर बोट आलं नाही आणि त्याच्यावर फसवणुकीची तक्रार उभी राहिली. रोख दिले असते तर हातात काहीच नव्हतं. तक्रार गेल्यावर त्यानं चाळीस हजार पाठवले आणि "मिटवून घ्या" म्हणाला. मिटवलेलं नाही.

कुणी विचारेल मग जादा बॅरल घ्यायचीच नाही का. घ्या की, पण लायसन्सधारी डीलरकडून, नंबर आधी लायसन्स शाखेत विचारून, आणि फिक्स्चरवर तुमच्या अॅम्युनिशननं मारून बघितल्याशिवाय एक रुपया नाही. विकणारा कार्ड दाखवतो ते कार्ड त्याच बॅरलचं आहे हे कशावरून? बॅरल बदलली की तिला कोणता लॉट मानवतो ते नव्यानं शोधावं लागतं, त्यामुळं दुसऱ्याच्या कार्डवरचा ग्रुप तसाही तुमच्या उपयोगाचा कमीच. दोनेक हजारात मोबाईलला लागणारा बारीक कॅमेरा मिळतो, तो चेंबरमधून आत घाला, चेंबरच्या पुढं काळी जळकी कडी दिसली तर "पाच हजार राउंड"वर विश्वास ठेवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मागच्या महिन्यात साताऱ्याकडच्या एका कुटुंबाची गाठ पडली, त्यांनाही बॅरल विकलीय, त्यांचं टेस्ट कार्ड बघितलं. दहा गोळ्या, १४ मिलिमीटर, सातवी गोळी जराशी डावीकडं बाहेर. आमच्या कार्डवर अगदी तशीच, दोन्ही कार्डं एकमेकांवर ठेवून उजेडात धरली, भोकं तंतोतंत जुळली. फक्त खालचा नंबर वेगळा. म्हणजे एकच कार्ड झेरॉक्स करून किती जणांना दिलंय कोण जाणे. तुमच्याकडं असं कार्ड असेल, सातवी गोळी डावीकडं असलेलं, तर बॅरल रायफलवरून काढा, मुलाला किंवा मुलीला सांगा की तुझं काही चुकलेलं नाही, आणि आपल्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन कार्डची प्रत त्याला जोडा.