नऊ महिने भिंतीवर: व्हर्मीरच्या ‘दूध ओतणारी दासी’ची प्रतिकृती

डच चित्रकार योहानेस व्हर्मीर याने १६६० च्या सुमारास रंगवलेल्या ‘दूध ओतणारी दासी’ या चित्राची हाताने केलेली तैलप्रतिकृती गेले नऊ महिने माझ्या जेवणघरात आहे. अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममधील मूळ चित्र जेमतेम ४५.५ गुणिले ४१ सेंटिमीटरचे आहे. प्रतिकृती करणाऱ्या चित्रकाराने दुप्पट आकार सुचवला होता. मी मूळ मापाचाच आग्रह धरला आणि त्याचा मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही, कारण या चित्राशी जवळ जाऊनच बोलावे लागते.

पहिल्या खेपेस आलेली प्रत मी परत पाठवली. दासीचा चेहरा उत्तम साधला होता, परंतु तिच्यामागची भिंत नुकता चुना दिल्यासारखी कोरी होती. मूळ भिंतीवर खिळा आहे, खिळ्यांची भोके आहेत, ओरखडे आहेत. त्या जागी व्हर्मीरने आधी सुरया अडकवण्याची फळी रेखाटली होती आणि मग ती बुजवली, हे २०२२ मध्ये जाहीर झालेल्या संशोधनातून दिसून आले. एवढे काढून टाकणाऱ्या माणसाने खिळा मात्र ठेवला, तेव्हा तो गाळण्याचा अधिकार नक्कल करणाऱ्याला नाही, असे माझे मत आहे. दुसऱ्या खेपेस भिंत चांगली जमली. पावावरील प्रकाशाचे ठिपके मात्र अजूनही रांगोळीच्या ठिपक्यांसारखे एकसारखे आहेत.

एप्रनचा निळा रंग किंचित भडक वाटतो. व्हर्मीरने लाजवर्द दगडापासून केलेला महागडा अल्ट्रामरीन वापरला होता (अजिंठ्याच्या चित्रांतही लाजवर्द आहे), तर माझ्या प्रतीतला कृत्रिम आहे. दोन्हींचे रसायन जवळपास एकच असले, तरी नैसर्गिक रंगाचे कण लहानमोठे असतात आणि त्यामुळे त्याची निळाई वेगळी दिसते. किंमत पाहता याबद्दल तक्रार नाही.

पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडला. चौकटीच्या मागच्या कोपऱ्यांतील लाकडी पाचरी हलक्या हाताने ठोकल्यावर तो पुन्हा ताणला गेला. त्याहून मोठी धास्ती घराच्या रंगकामाच्या वेळी बसली, कारण दीड महिना कपाटात राहिलेल्या चित्राची पांढरी भिंत आणि दासीचे शिरोवस्त्र पिवळसर होऊन बाहेर आले. जवसाच्या तेलातले रंग अंधारात पिवळे पडतात आणि उजेडात बऱ्याच अंशी पूर्ववत होतात, असे चित्रकाराने सांगितले, आणि खिडकीच्या उजेडात, परंतु थेट ऊन टाळून, महिनाभर ठेवल्यावर ते खरे ठरले. रंग आतपर्यंत वाळेपर्यंत शेवटचे व्हार्निश द्यायचे नसल्याने घागऱ्याचा गडद भाग आणि जमिनीवरची पायशेगडी सध्या निस्तेज दिसतात, ते सहन करावे लागते.

अशी प्रत करवून घेणाऱ्यांनी उरलेले पैसे देण्यापूर्वी चेहऱ्याचा नव्हे, तर भिंतीचा जवळून काढलेला फोटो मागवावा आणि खिळा जागेवर आहे ना, ते पाहून घ्यावे.