जुना हॅलोजनचा उभा दिवा: नळी बदलावी, होल्डर बदलावा की दिवाच?

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभा असलेला, पुरुषभर उंचीचा, वरच्या टोकाला धातूचे उथळ वाडगे असलेला आणि सगळा प्रकाश छतावर फेकून खोली उजळवणारा हॅलोजनचा दिवा अजूनही काही घरांत टिकून आहे. कोणी तो हौसेने विकत घेतलेला असतो, तर कोणी परदेशातून परतताना सामानाबरोबर आणलेला असतो. त्याचा खांब धड असतो, बैठक जड असते आणि छतावरून परतून येणारा उजेड डोळ्यांना सुखावतो. खटकते ते इतकेच, की वाडग्यातली अर्ध्या वितीएवढी नळी ३०० वॅट वीज घेते आणि त्यातला फार मोठा भाग उष्णतेच्या रूपाने खोलीत सोडते.

अशा दिव्याच्या बाबतीत तीन वाटा असतात. जुन्या नळीच्या जागी त्याच मापाची एलईडी नळी बसवता येते, आतला होल्डर काढून साध्या एलईडी बल्बचे होल्डर लावता येतात, किंवा जुना दिवा भंगारात देऊन नवा घेता येतो. माझे मत आधीच सांगतो: हा दिवा खोलीचा मुख्य उजेड म्हणून वापरणाऱ्याने होल्डर बदलावा, कोपऱ्यात मंद उजेड पुरणाऱ्याने नुसती नळी बदलावी आणि नव्या दिव्याचा विचार खांब किंवा बैठकच खराब असेल तरच करावा.

आधी दिवा कोणत्या जातीचा आहे ते पाहावे

पिन सॉकेटमधून काढून, दिवा पूर्ण थंड झाल्यावर वाडग्यात पाहावे. दोन्ही टोकांना चिनी मातीच्या टोप्या असलेली आणि स्प्रिंगच्या दोन खोबणींत आडवी बसवलेली नळी दिसली, तर त्या बैठकीला आर७एस म्हणतात. तिची लांबी बहुतेक वेळा ११८ मिलिमीटर असते आणि कमी वॅटच्या दिव्यांत ७८ मिलिमीटर असते. त्याऐवजी दोन बारीक पिनांची, करंगळीच्या टोकाएवढी काचेची कुपी आणि बैठकीत ट्रान्सफॉर्मर आढळला, तर तो दिवा १२ व्होल्टचा असून त्याचे गणित निराळे आहे. तिथे कुपीच्या जागी एलईडी कुपी घातली, तर तिचा भार इतका कमी असतो की जुना इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर नीट चालत नाही, त्यामुळे तोही बदलावा लागतो. पुढचे विवेचन पहिल्या जातीचे आहे.

अमेरिकेतून आणलेला दिवा असेल, तर त्यातली नळी आणि डिमर (उजेड कमी-जास्त करणारे बटण) दोन्ही १२० व्होल्टचे असतात, आणि आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला तो तसाच जोडल्यास नळी क्षणात जाते. त्यासाठी ट्रान्सफॉर्मर घेऊन ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. होल्डर बदलून डिमर काढून टाकला, तर त्या ठोकळ्याची गरजच उरत नाही.

आहे तसाच चालू ठेवल्यास

या पर्यायाचा उल्लेख तुलनेपुरता करावा लागतो. लुमेन हे प्रकाशाचे माप. ३०० वॅटची नळी सुमारे ५,००० लुमेन प्रकाश देते, म्हणजे दर वॅटमागे जेमतेम १७ लुमेन. चांगला एलईडी बल्ब दर वॅटमागे १०० लुमेनच्या आसपास देतो. डिमरने उजेड कमी केला की वीजही त्याच प्रमाणात वाचते, हा समज चुकीचा आहे. तारेच्या दिव्याला मिळणारा विजेचा दाब (व्होल्टेज) ८० टक्क्यांवर आणला, तर प्रकाश निम्म्याच्याही खाली जातो, पण विजेचा वापर जवळजवळ ७० टक्के राहतो. निम्म्याहून कमी उजेडासाठी दोन तृतीयांशांहून अधिक वीज, असा तो व्यवहार आहे.

पैशापेक्षा गंभीर प्रश्न उष्णतेचा आहे. चालू नळीच्या काचेचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या आसपास जाते, आणि वाडगे वरून उघडे असल्यामुळे खिडकीचा पडदा वाऱ्याने उडून त्यावर पडला किंवा दिवा कलंडला, तर पेट घ्यायला वेळ लागत नाही. अमेरिकेत १९९७ मध्ये तिथल्या ग्राहकसुरक्षा आयोगाने सुमारे चार कोटी दिव्यांसाठी तारेच्या जाळ्या मोफत देण्याची मोहीम उद्योगाबरोबर हाती घेतली आणि ३०० वॅटपेक्षा मोठी नळी वापरू नये, असे बजावले. पुढे २००६ पासून तिथे तयार होणाऱ्या अशा दिव्यांवर १९० वॅटची मर्यादा आली, तर युरोपीय संघात २,७०० लुमेनपेक्षा जास्त प्रकाश देणाऱ्या या नळ्या सप्टेंबर २०२१ पासून बाजारात आणण्यास बंदी झाली. आपल्याकडचा धोका जरा वेगळा आहे. मांडवाच्या आणि मैदानाच्या हॅलोजनसाठी विकली जाणारी ५०० वॅटची नळी याच ११८ मिलिमीटर मापाची असते आणि या दिव्यात बिनतक्रार बसते. ती चुकूनही बसवू नये. पावसाळ्यात वाडग्यात पडून जळणाऱ्या किड्यांचा वास ज्यांनी घेतला आहे, त्यांना तिथल्या तापमानाविषयी अधिक सांगायला नको.

नळीच्या जागी एलईडी नळी

ही वाट सर्वांत सोपी आहे. वायरला हात लावावा लागत नाही, स्प्रिंग दाबून जुनी नळी काढायची आणि नवी बसवायची. मात्र लांबी जुळते म्हणजे नळी बसतेच असे नाही. हॅलोजनची नळी पेन्सिलीपेक्षा थोडी जाड असते, तर एलईडीची त्याच लांबीची नळी दोन ते तीन सेंटिमीटर किंवा त्याहून जाड असू शकते, कारण प्रकाश देणाऱ्या चिप, त्यांना थंड ठेवणारा धातू आणि वीज रूपांतरित करणारे सर्किट हे सगळे त्याच जागेत कोंबलेले असते. त्यामुळे ती परावर्तकाच्या पत्र्याला किंवा वरच्या जाळीला अडते. खरेदीपूर्वी नळीच्या मध्यापासून तळाच्या पत्र्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे आणि नव्या नळीची त्रिज्या त्याहून कमी आहे ना, ते पाहावे.

दुसरी मर्यादा उजेडाची आहे. या मापाच्या नळ्या बहुधा १,००० ते २,५०० लुमेन देतात, म्हणजे ३०० वॅटच्या नळीच्या फार तर निम्मा प्रकाश. वेष्टनावर ‘३०० वॅटच्या बरोबरीची’ असे छापलेले असले, तरी त्याकडे दुर्लक्ष करून फक्त लुमेनचा आकडा वाचावा. तो छापलेलाच नसेल, तर ती नळी घेऊ नये. ज्या नळीत चिप एकाच बाजूला असतात, ती बसवताना चिपची बाजू वर येईल असे पाहावे लागते आणि काही होल्डरांत ती सैल बसून हळूहळू फिरते, हेही ध्यानात ठेवावे.

टीव्ही पाहताना मागे थोडा उजेड हवा, किंवा खोलीत इतर दिवे आहेत आणि हा केवळ शोभेचा आहे, अशा घरी ही नळी पुरेशी ठरते. पूर्वीचा लखलखाट तीच देईल या अपेक्षेने घेणाऱ्याची मात्र निराशा होते.

होल्डर बदलणे

येथे काम वाढते, परंतु फळही तसेच मिळते. साध्या एलईडी बल्बचा बराचसा प्रकाश त्याच्या टोपीच्या विरुद्ध दिशेला, अर्धगोलात पडतो. छताला टांगलेल्या दिव्यात हा कधी कधी दोष ठरतो, पण टोपी खाली आणि डोके वर अशा स्थितीत वाडग्यात बसवलेल्या बल्बाचा प्रकाश आपोआप छताकडे जातो, म्हणजे या दिव्याला नेमके हवे तेच होते. हॅलोजनच्या नळीचा खालच्या बाजूचा प्रकाश परावर्तकावरून परतवावा लागे आणि त्यात काही वाया जाई. म्हणून १२ वॅटचे तीन बल्ब, म्हणजे सुमारे ३,६०० लुमेन, लावले तरी खोली कागदावरच्या आकड्यांवरून वाटते तितकी फिकी दिसत नाही. छत पांढरे असावे, एवढीच अट आहे. धुराने पिवळे पडलेले छत कोणत्याही दिव्याचा उजेड गिळते.

अडचण बल्बच्या उंचीची असते. वाडगे नळीसाठी घडवलेले असल्याने उथळ असते आणि उभा बल्ब त्यातून डोके बाहेर काढतो. सोफ्यावर बसलेल्याला तो दिसत नाही, पण उभ्या माणसाच्या डोळ्यांत चमकतो. यावर आडव्या बसणाऱ्या होल्डरची जोडी, आखूड उंचीचे बल्ब किंवा तळाशी भोक पाडून होल्डर खाली उतरवणे, असे उपाय आहेत. ४० वॅटचा एकच मोठा बल्ब लावण्याचा मोह होतो, परंतु तो इतका उंच असतो की दिव्याचे रूपच बिघडते. होल्डर पिनचा घ्यावा की आट्यांचा, याला महत्त्व नाही. घरातले बाकीचे बल्ब ज्या प्रकारचे असतील, तोच घ्यावा, म्हणजे अडीअडचणीला एकाचा बल्ब दुसऱ्याला चालतो.

वायरमन आणखी एक सुटसुटीत उपाय सुचवतो: छताच्या गोल दिव्यात असते तशी एलईडीची प्लेट वाडग्यात चिकटवून टाकायची. ती चपटी असल्याने उंचीचा प्रश्न सुटतो हे खरे, पण यांतल्या स्वस्त प्लेटांवर वीज रूपांतरित करणारे सर्किट त्याच पत्र्यावर उघडे असते आणि त्यात घरगुती दाबाची वीज खेळत असते. धातूच्या उघड्या वाडग्यात, जिथे धूळ पुसायला रोज हात जातो, तिथे अशी प्लेट झाकणाशिवाय बसवणे मला मान्य नाही. वेगळा, बंदिस्त ड्रायव्हर (म्हणजे वीज रूपांतरित करणारे हेच सर्किट) असलेली आणि वर प्लास्टिकचे झाकण असलेली प्लेट मिळाली, तर मात्र ती बल्बांपेक्षाही चांगली दिसते.

होल्डर बदलण्याच्या निमित्ताने वायरही पाहून घ्यावी. वाडग्याजवळची वायर इतकी वर्षे उष्णतेत राहिल्याने तिचे आवरण कडक होऊन तडकलेले असू शकते. अनेक जुन्या दिव्यांना दोनच पिनांचा प्लग असतो आणि खांब मात्र धातूचा असतो. अशा वेळी तीन तारांची नवी वायर ओवून अर्थिंगची तार खांबाला पक्की जोडून घ्यावी. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. मला स्वतःला या सुधारणेचे मोल विजेच्या बचतीइतकेच वाटते.

डिमरचा प्रश्न

बहुतेक तक्रारींचे मूळ बल्बमध्ये नसून खांबावरच्या गोल बटणात किंवा पायाशी असलेल्या सरकत्या डिमरमध्ये असते. तो डिमर शेकडो वॅटच्या भारासाठी बनवलेला असतो आणि त्यावर ‘६० ते ३०० वॅट’ अशा स्वरूपाची मर्यादा छापलेली असते. एलईडीचा भार या खालच्या मर्यादेपर्यंतही पोहोचत नाही, म्हणून प्रकाश लुकलुकतो, गुणगुण ऐकू येते किंवा बटण बंद केल्यावरही बल्ब मिणमिणत राहतो. ‘डिमेबल’ असे न लिहिलेला बल्ब अशा डिमरवर पूर्ण उजेडात चालवला, तरी तो लवकर जाऊ शकतो.

सरळ उपाय म्हणजे डिमर काढून वायरवर साधा स्विच बसवणे. तीन होल्डर असतील तर एक आणि दोन असे विभागून दोन स्विच ठेवता येतात, आणि मंद, मध्यम, पूर्ण असे तीन टप्पे कोणत्याही डिमरशिवाय मिळतात. ज्यांना उजेड सलग कमी-जास्त करायचाच आहे, त्यांनी एलईडीसाठीचा डिमर आणि डिमेबल बल्ब दोन्ही घ्यावेत. त्यांतला एकच बदलून उपयोग नाही.

नवा दिवा

नवे एलईडी उभे दिवे सडपातळ आणि हलके असतात व त्यांचा डिमर त्यांच्याशी जुळलेला असतो. परंतु पुष्कळ दिव्यांत चिप कायमच्या बसवलेल्या असतात. चिप किंवा ड्रायव्हर गेला आणि सुटा भाग मिळाला नाही, तर अख्खा दिवा निकामी होतो. घेण्यापूर्वी दुकानदाराला सुट्या ड्रायव्हरबद्दल विचारावे, आणि उत्तर गोलमोल आले तर जुन्या खांबाकडे परत वळावे.

रंग आणि हिशेब

हॅलोजनची ऊब ज्यांना आवडते, त्यांनी बल्बचा रंग पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आपल्या दुकानांत नुसता ‘एलईडी द्या’ म्हटले की बहुधा ६,५०० केल्विनचा निळसर पांढरा बल्ब हाती येतो आणि दिवाणखान्याला दवाखान्याची कळा येते. वेष्टनावर २,७०० किंवा ३,००० केल्विन असे लिहिलेले हवे. रंगदर्शनाचा निर्देशांक, म्हणजे उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचे माप, हॅलोजनचा जवळजवळ १०० असतो आणि सर्वसाधारण एलईडीचा ८०. भिंतीवर चित्रे असतील किंवा या दिव्याखाली शिवणकाम होत असेल, तर ९० किंवा त्याहून अधिक निर्देशांकाचा बल्ब शोधावा.

हिशेबासाठी वीज दहा रुपये युनिट धरू. रोज चार तास चालणारा ३०० वॅटचा दिवा वर्षाला ४३८ युनिट घेतो, तर १२ वॅटचे तीन बल्ब सुमारे ५३ युनिट घेतात. फरक ३८५ युनिटांचा, म्हणजे ३,८५० रुपयांचा. होल्डर, बल्ब, वायर आणि मजुरी मिळून दोन हजार रुपये गेले असे मानले, तरी ते साधारण सव्वासहा महिन्यांत वसूल होतात. महावितरणच्या घरगुती दरांत १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पुढे दर चढत जातो आणि वाचणारी युनिटे नेहमी वरच्या टप्प्यातली असतात, हेही लक्षात घ्यावे. दिवा रोज तासभरच लागत असेल, तर मात्र तेच पैसे वसूल व्हायला दोन वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो, आणि अशा घरी स्वस्तातली एलईडी नळी अधिक शहाणपणाची ठरते.

यातला कोणताही पर्याय निवडला, तरी दिवा फिरत्या पंख्यापासून दूर ठेवावा. नाहीतर वर जाणारा प्रकाश पाती कापतात आणि छतभर सावल्या नाचत राहतात. होल्डर बदलला असेल, तर वाडग्याच्या आतल्या बाजूला ‘फक्त एलईडी, कमाल १५ वॅट’ अशी चिठ्ठी चिकटवून ठेवावी, कारण त्या होल्डरमध्ये आता जुना २०० वॅटचा पिवळा बल्बही बसू शकतो आणि पुढे कधीतरी घरातले कोणीतरी तो बसवायला जाईल.