पोर्शे ९४४ आणि कूलंटची निवड : जी४८ वापरून पाहिल्यानंतर

माझ्याकडे १९८६ सालची पोर्शे ९४४ आहे आणि गेल्या शरद ऋतूपासून तिच्यात ग्लायसँटिन जी४८ हे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, आहे. श्टुटगार्टजवळचा एक संपूर्ण हिवाळा, ब्लॅक फॉरेस्टमधले चढ आणि उन्हाळ्यातली तुंबलेली वाहतूक, एवढे सगळे या गाडीने त्यावर पार पाडले. त्यामुळे या इंजिनाला हेच कूलंट योग्य आहे, असे आता ठामपणे लिहिता येते.

निवडीचा एवढा विचार का करावा, हे इंजिनाच्या रचनेतच दडलेले आहे. ९४४ चा ब्लॉक ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूचा असून त्यात लोखंडी लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतले अस्तर, नाहीत. पिस्टन थेट त्या धातूवरच सरकतात. ब्लॉकवरचे झाकण, म्हणजे हेडही, ॲल्युमिनियमचे आहे. तेल थंड करणारा ऑइल कूलर याच कूलंटवर चालतो आणि त्याचे सील जुने झाले की तेल आणि कूलंट एकमेकांत मिसळतात. त्याहून गंभीर बाब अशी की, कूलंट फिरवणारा वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणाऱ्या पट्ट्यावरच, फिरतो. पंपाचा सील झिजला की कूलंट झिरपू लागते, बेअरिंग खराब होते आणि पंप अडकला तर बेल्टही धोक्यात येतो. या इंजिनात बेल्ट तुटला किंवा सरकला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणजे चार पैसे वाचवण्यासाठी घेतलेल्या कूलंटची किंमत शेवटी हेड उघडून मोजावी लागू शकते.

बाजारातल्या बहुतेक कूलंटचा पाया एकच असतो, तो म्हणजे एथिलीन ग्लायकॉल. फरक पडतो तो त्यातल्या गंजरोधक रसायनांमुळे. सिलिकेट असलेली जुन्या पद्धतीची कूलंट ॲल्युमिनियमवर झटकन संरक्षक थर धरतात, पण ती रसायने लवकर संपतात. सेंद्रिय आम्लांवर आधारलेली नवी कूलंट दीर्घकाळ टिकतात. मात्र त्यांचे संरक्षण सावकाश उभे राहते, आणि त्यांतल्या काहींमध्ये असलेले २-एथिलहेक्झॅनोइक आम्ल काही जुन्या सील-गॅस्केटना मानवत नाही. जी४८ या दोहोंच्या मधले आहे : त्यात सिलिकेट आहे, जोडीला सेंद्रिय आम्लेही आहेत, पण फॉस्फेट, नायट्राइट आणि अमाइन नाहीत. युरोपातले पाणी बऱ्याच ठिकाणी कठीण, म्हणजे क्षारयुक्त, असल्याने फॉस्फेटचे क्षार रेडिएटरमध्ये साचतात, म्हणून इकडचे कारखाने फॉस्फेट टाळत आले. जपानी कंपन्यांनी पंपाच्या सीलची काळजी म्हणून नेमके उलटे केले, सिलिकेट टाळले आणि फॉस्फेट ठेवले. एखाद्या जपानी गाडीला उत्तम ठरलेले कूलंट माझ्या गाडीला तितकेच चांगले असेल, असे म्हणूनच धरून चालता येत नाही.

रंगावर तर मुळीच विसंबू नये. रंग हा केवळ मिसळलेला असतो. त्याला सर्वमान्य नियम नाही. गाडी घेतली तेव्हा तिच्यात कोणा वर्कशॉपने भरलेले लाल कूलंट होते, आणि ते नेमके कोणते याची नोंद सेवापुस्तिकेत नव्हती. कूलंटच्या टाकीच्या तळाशी बोटाला लागेल असा तपकिरी, मेणचट साका होता. भिन्न जातींची कूलंट एकमेकांत मिसळली की गंजरोधक निष्प्रभ होतात आणि क्वचित असा चिकट गाळ धरतो, म्हणून वरून भर न घालता सगळेच बदलण्याचे ठरवले.

या कामात घाई करू नये. रेडिएटर रिकामा केला तरी ब्लॉकमध्ये बरेच कूलंट उरते, त्यामुळे ब्लॉकवरचा निचऱ्याचा बोल्टही काढावा लागतो. हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला नाही, तर हीटरच्या कोअरमधले (गाडीत ऊब देणाऱ्या छोट्या रेडिएटरमधले) जुने द्रव तसेच राहते. साध्या पाण्याने धुऊन, निचरा स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा धुऊन, शेवटी डिस्टिल्ड वॉटर फिरवले. त्यानंतर जी४८ आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात भरले. हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त संरक्षण, असा समज फार पसरला आहे. प्रत्यक्षात शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते आणि पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते. भरताना हेडजवळचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून त्यातून बुडबुडे थांबेपर्यंत थांबलो. हे टाळले की हेडमध्ये हवा कोंडते आणि तापमानाचा काटा कारण नसताना वर चढतो.

आता निकालाकडे येतो. टाकीतले द्रव आजही निळसर हिरवे आणि पारदर्शक आहे. टॉर्च मागून धरला तर तळ स्पष्ट दिसतो. रिफ्रॅक्टोमीटरवरचे (मिश्रणातले ग्लायकॉलचे प्रमाण मोजणाऱ्या उपकरणावरचे) वाचन भरल्या दिवशी होते तेच आहे. पंपाखालच्या छिद्रातून पूर्वी पांढुरका ओघळ दिसे, तो पुसून टाकल्यानंतर परत आलेला नाही. याचे श्रेय एकट्या कूलंटला देणार नाही, कारण बेल्ट आणि पंप मी त्याच वेळी नवे बसवून घेतले. काटा महामार्गावर आपल्या जागी स्थिर असतो. नेकार नदीकाठच्या रस्त्यावर गाड्या खोळंबल्या की तो वर सरकतो, पंखे सुरू होतात आणि तो खाली येतो. कूलंट बदलल्याने गाडी अधिक थंड चालेल, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. ते काम रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि पंख्यांचे आहे.

उणिवाही आहेत. सिलिकेट संपत जाते, त्यामुळे दोन-तीन वर्षांनी बदलणे मी अटळ मानतो, गाडी कितीही कमी चालली तरी. पाणी नसलेल्या कूलंटचाही विचार केला होता. गंज आणि उकळणे या दोन्हींपासून ते सुटका देते, परंतु त्याची उष्णता वाहण्याची क्षमता कमी असल्याने इंजिन अधिक तापते आणि ते भरण्याआधी पाण्याचा अंश न् अंश काढावा लागतो. रोजच्या वापरातल्या गाडीसाठी ते मला पटले नाही. शिवाय काढलेले जुने कूलंट विषारी असून चवीला गोड असते, म्हणून ते कुत्र्या-मांजरांच्या वाटेत ठेवू नये. मी ते झाकणबंद डब्यात भरून नगरपालिकेच्या घातक कचरा केंद्रावर दिले.

पुण्यात १९९५ पासून जुळणी झालेली डब्ल्यू१२४ मर्सिडीज अजून जपून ठेवणारे अनेक जण आहेत. त्यांच्यासाठी सांगतो, मर्सिडीजची ३२५.० ही मान्यता जी४८ ला आहे. दुसऱ्या कंपनीचे कूलंट घ्यायचे झाल्यास कॅनवर हाच आकडा छापलेला आहे ना, ते दुकानातच पाहून घ्यावे. तिथल्या उकाड्यात गोठण्याचा प्रश्न नसला, तरी नुसते बोअरवेलचे पाणी घालू नये. ॲल्युमिनियम हेडच्या पाण्याच्या वाटा त्याने कुरतडल्या जातात.