घरच्या घरी पोट साफ राहण्यासाठी इसबगोलाची साधी भुशी : वापरानंतरचा अभिप्राय

मलावरोधावरचा 'नैसर्गिक' उपाय म्हणून दुकानात चूर्णे, गोळ्या, पाकिटे आणि काढे यांची रांग लागलेली असते. त्यांतून मी आमच्या घरासाठी कायम ठेवली ती इसबगोलाची साधी भुशी, जिच्या डब्यावर घटक म्हणून तेवढे एकच नाव छापलेले असते. सासूबाईंना लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि शौचाला खडा होऊ लागला, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने ती घरात आली आणि आता चहा-साखरेसारखी महिन्याच्या यादीत असते.

भुशी म्हणजे इसबगोलाच्या बियांवरचे पातळ साल. उत्तर गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशाच्या नीमच-मंदसौर पट्ट्यात हे पीक रब्बीत घेतले जाते आणि त्याची सर्वांत मोठी बाजारपेठ गुजरातेत उंझा येथे आहे. व्यापारात भुशीचा दर्जा 85, 95, 98, 99 टक्के असा शुद्धतेवर ठरतो. मात्र किरकोळ डब्यावर हा आकडा क्वचितच दिसतो, त्यामुळे पारख आपल्यालाच करावी लागते. चांगली भुशी फिकट, किंचित गुलाबी झाक असलेली आणि वजनाला अगदी हलकी असते. आमच्या भागातील एका दुकानातून आणलेली सुटी भुशी पाण्यात घातली, तेव्हा तपकिरी टरफलांचे तुकडे वर तरंगले आणि पेल्याच्या तळाशी बारीक कच बसली. त्यानंतर सुटी भुशी घेणे आम्ही बंद केले. बंद डब्यातील माल थोडा महाग पडतो, पण कच लागत नाही.

पाण्यात टाकल्यावर ही भुशी आधी वर पसरते, मग एकेक पापुद्रा फुगून पारदर्शक होतो आणि पाच-सात मिनिटांत पेल्यातले पाणी भिजलेल्या सब्जासारखे बुळबुळीत, दाट होते. आतड्यातही हेच घडते. हा चोथा बहुतांशी न पचता, न आंबता पुढे सरकतो, पाणी धरून ठेवतो आणि त्यामुळे मळ मऊ व भरीव होतो. पाणी धरण्याच्या याच गुणामुळे जुलाबात दह्यातून इसबगोल देण्याची जुनी पद्धतही निराधार नाही. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी 2023 मध्ये दीर्घकालीन मलावरोधासाठी संयुक्त मार्गदर्शिका काढली. तीत तपासलेल्या तंतुमय पूरकांपैकी केवळ इसबगोलच परिणामकारक दिसतो, असे नमूद आहे. अर्थात पुराव्याचा दर्जा फार भक्कम नसल्याचेही तिथेच मान्य केले आहे.

या वस्तूचे सारे यश पाण्यावर आहे. चहाचे दोन चमचे भुशी, म्हणजे जेमतेम चार ग्रॅम, मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून दाट होण्याआधी पिऊन टाकायची आणि वर आणखी थोडे पाणी प्यायचे, ही आमच्याकडची रीत. कोरडी भुशी तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणे धोक्याचे आहे, कारण ती घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. रात्री गरम दुधातून घेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे आणि तीत वाईट काही नाही. फक्त त्या अर्ध्या कप दुधाने पाण्याची गरज भागत नाही. भुशीची बारीक पूड मिळते ती वजनाला भारी असल्याने चमच्याचे माप तेच ठेवू नये. इतर औषधे तिच्यात अडकून नीट शोषली जात नाहीत, म्हणून सासूबाईंची लोहाची गोळी आणि भुशी यांत आम्ही किमान दोन तासांचे अंतर ठेवतो.

परिणामाची घाई असणाऱ्यांची निराशा होईल. भुशीला बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागतो आणि सुरुवातीला पोट थोडे फुगल्यासारखे वाटते. अर्ध्या मापाने सुरुवात केली तर हा त्रास बराच कमी होतो. सकाळी हमखास मोकळे करणारी जी चूर्णे मिळतात, त्यांतील अनेकांचा खरा कर्ता घटक सोनामुखी असतो. सोनामुखी वाईट नव्हे, अडल्या वेळी ती उपयोगी आहे. पण ती आतड्याला चेतवून काम करते आणि पोटात कळाही आणते. तिला रोजच्या सवयीचे चूर्ण म्हणून विकताना डब्यावर पानाफुलांची चित्रे मोठी आणि घटकांची यादी मुंगीएवढी छापावी, हे मला खटकते. संत्र्याच्या चवीची इसबगोलाची पाकिटे घशाखाली सहज उतरतात, परंतु त्यांतील काहींत साखर बरीच असते, त्यामुळे मधुमेह असणाऱ्यांनी घटक वाचूनच घ्यावीत.

खर्च एका मापाला दहा रुपयांच्या आत बसतो. पावसाळ्यात मात्र झाकण सैल राहिले तर भुशीचे गोळे होतात, म्हणून मोठ्या डब्यापेक्षा शंभर ग्रॅमचा डबा बरा. गिळायला त्रास होणाऱ्यांनी किंवा आतड्यात अडथळा असणाऱ्यांनी ती घेऊ नये. शौचातून रक्त जात असेल, वजन कारणाशिवाय घटत असेल, उलट्यांसह पोट ताठ झाले असेल किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर कोणताही डबा उघडण्याआधी डॉक्टरांकडे जावे. माझी ठाम तक्रार वेष्टनाबद्दल आहे: भरपूर पाण्यासह घेण्याची सूचना आमच्या डब्याच्या मागे, तळाशी, केवळ इंग्रजीत छापलेली आहे आणि सासूबाईंना ती वाचता येत नसल्याने झाकणावर मराठीत चिठ्ठी चिकटवावी लागली.